कागदाची कोरी बाजू

बसा. पायरीवर नको, गार लागेल, ती सतरंजी इकडे ओढा. आणि तो मोबाइल खिशात टाक रे, नाहीतर मी तोंडाला कुलूप लावून बसेन. भूत हवंय ना तुम्हाला? मग एक आधीच सांगून ठेवतो. यात किंकाळ्या नाहीत, विहीर नाही, झाडाला लटकलेलं तर कुणीच नाही. ज्याला तसलं हवं असेल त्याने खुशाल आत जाऊन पांघरूण ओढावं.

ही माझ्या मित्राची गोष्ट आहे, चष्मेवाल्याची. तुझ्या आईला विचार, तिचा पहिला चष्मा त्यानेच करून दिला होता. आम्ही शाळेपासूनचे. गोष्ट अर्धी त्याच्या तोंडून ऐकलेली आहे आणि अर्धी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. कुठली अर्धी कुठली, ते कळेल तुम्हाला.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. शेवटचा बुधवार. थंडी नुकती कुठे अंगाला जाणवायला लागली होती. मी जेवून हात धूत होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"स्कूटर काढतोस का? गोंद आणायचाय."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या उपयोग नाही."

उद्या उपयोग नव्हता हे खरंच होतं. उद्या सकाळी नवरा-बायको ते घर सोडून निघणार होते. वहिनीच्या धाकट्या बहिणीच्या गावी, कायमचे. सामान माझ्याच टेम्पोतून जायचं होतं. दुकानाची पाटी आदल्या आठवड्यातच उतरवली होती, मीच शिडी धरली होती. पाटी खाली आल्यावर हा गडी तिच्यावरची धूळ पुसत बसला. अरे, उतरवलेल्या पाटीची धूळ कशाला पुसायची? पण त्याला तसं बोलायची माझी छाती झाली नाही. मे महिन्यात त्याची पोरगी गेली होती. एकुलती एक. अठरा पूर्ण झालेली.

हो, बाळा, ती माहीत होती तुला. तीच.

तर गोंद. गोंद कशाला, ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

तिला रक्ताचा आजार होता. शेवटचे दोन महिने तिला मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या खोलीत ठेवलं होतं. आत कुणी जायचं नाही. आई नाही, बाप नाही. साधी सर्दी जरी आत गेली तरी संपलं. आत सिस्टर जायच्या त्या डोक्यापासून पायापर्यंत झाकून. बाहेर बोळकांडीत एक बाक, काचेला लागून. बाहेर एक फोन, आत एक फोन. काचेतून बघायचं आणि फोनवर बोलायचं. दिवसा वहिनी बसायची, रात्री हा.

पोरगी कंटाळली. पुस्तक मागितलं तर कागद आत चालत नाही म्हणाले. मग म्हणाली, "बाबा, मला विमान आण. सुटे भाग असतात ना, आपण जोडायचं, तसलं. मोठं आण, प्रवाशांचं. खिडक्या खिडक्या असलेलं." हा गेला आणि दुकानदाराला म्हणाला, सगळ्यात मोठं विमान द्या. त्याने दिलं. याने खोकं बघितलं, विमान बघितलं, आणलं. काचेला लावून तिला दाखवलं तर ती हसून हसून खोकायला लागली.

"अरे बाबा, हे बॉम्ब टाकणारं आहे! मागच्या महायुद्धातलं! मी दवाखान्यात आहे, लढाईवर नाही!"

लोकांना आयुष्यभर नीट बघायला शिकवणारा माणूस, आणि खोक्यावरचे बॉम्ब त्याला दिसले नाहीत. तो म्हणाला, बदलून आणतो. तर नको म्हणाली. "असू दे. आपलं विमान बॉम्ब नाही टाकणार. बॉम्ब तसेच ठेवून देऊ. माणसं मात्र सगळी बसवायची."

आता जोडायचं कसं? ब्लेड आत जाऊ देत नव्हते, जरा कुठे कापलं तर रक्त थांबलं नसतं तिचं. शेवटी तिनेच युक्ती काढली. कुठला भाग कुठे कसा लावायचा, त्या चित्रांचा एक मोठा कागद असतो. तो याने बाहेरून काचेला चिकटवायचा, छापील बाजू आत, तिच्याकडे. ती आतून चित्रं वाचणार आणि फोनवर नंबर सांगणार. हा बाहेर बाकावर बसून तो नंबर शोधणार, कापणार, घासणार, जोडून बघणार. सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले असतात, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. याच्यासमोर कागदाची कोरी पाठ. काय चाललंय ते सगळं तिला ठाऊक. हा नुसता हुकमाचा ताबेदार.

"बावीस."

"सापडला, साहेब."

"आता तेवीस. उलटा धरलायस, बाबा. फिरव."

"फिरवला, साहेब."

रात्ररात्र हे चालायचं. सिस्टर लोकांनाही सवय झाली. गोंद लावायचं काम तेवढं घरी, कारण त्याचा वास तिथे चालत नव्हता. पंखांपर्यंत आले होते दोघं. मग एका पहाटे ती गेली. विमान अर्ध्यावर राहिलं.

ते अर्धं विमान मे ते नोव्हेंबर तिच्या टेबलावर तसंच. वहिनी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. आणि त्या बुधवारी सामान बांधताना ती त्याला म्हणाली, अगदी शांतपणे म्हणाली, "ते विमान आज पूर्ण कर, नाहीतर इथेच टाकून चल. अर्धवट काही मी तिकडे नेणार नाही." हा बसला पूर्ण करायला. बघतो तर गोंदाची नळी वाळून खडखडीत.

म्हणून स्कूटर.

असल्या वस्तूंचं दुकान बंद झालेलं. मग एक हार्डवेअरवाला शटर ओढत होता, त्याला गाठला. त्याच्याकडे एकच मिळाला, तो झटपट चिकटणारा. "काहीही चिकटतं, साहेब," म्हणाला, "बोटंसुद्धा." आम्ही हसलो. परत येताना हा मागून मला सांगत होता की हा गोंद काचेला लावायचा नसतो. त्याची वाफ बसते आणि काच आतून पांढरी होते, ती परत कधी स्वच्छ होत नाही. "चष्म्याच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात," म्हणाला. "बाकीचं करतो. विमानाची काच नुसती अडकवून ठेवीन." त्याला घराखाली सोडून मी आलो आणि झोपलो. इथपर्यंतचं मी पाहिलेलं.

इथून पुढचं त्याने सांगितलेलं.

तिसरा मजला. पोरीची खोली रस्त्याच्या बाजूला, खिडकीला ना गॅलरी ना सज्जा. सगळं बांधून झालेलं, एक टेबल, एक खुर्ची आणि दिवा तेवढा शिल्लक. स्वयंपाकघरात वहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. याने चौकटी मांडल्या, कात्री, कानस. कागद खिडकीच्या काचेला चिकटवला. आणि बसला.

मला म्हणाला, "खरं सांगू? मे महिन्यानंतर पहिल्यांदा मला बरं वाटत होतं." हात भराभर चालत होते. इंजिनं बसली. पंख्यांची पाती बसली. चाकं, चाकांचे दांडे, शेपटीचे दोन उभे पंख. बारीक बारीक माणसं, तांदळाएवढ्या डोक्यांची, एकेक चिमट्याने उचलून आपापल्या जागी. एक भाग चुकला नाही. गंमत म्हणजे शोधावंही लागत नव्हतं. नंबर यायचा, हात जायचा.

वहिनी चहा घेऊन दाराशी आली. आत आली नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "कोणाशी बोलतोयस?"

"कोणाशी नाही."

"मघापासून ऐकतेय मी. हो साहेब, सापडला साहेब."

तो हसला. सवय, म्हणाला. तिने कप उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवला. जाता जाता खिडकीकडे बघून म्हणाली, "कागद उलटा लावलायस."

आणि गेली.

याने वर बघितलं.

समोर कोरा कागद.

छापील बाजू काचेला होती. बाहेर. हॉस्पिटलात लावायचा तसाच लावला होता, हाताच्या सवयीने. त्याच्याकडे नुसती पांढरी पाठ.

थांब. बोलू नको. आधी ऐक.

तासभर तो काम करत होता. कितीतरी भाग लावले होते त्याने. एकाही चित्राकडे न बघता.

त्याने आठवून बघितलं. नंबर कुठून येत होते? त्याला वाटत होतं तो वाचतोय. पण वाचायला काही नव्हतंच. मग त्याला आठवलं, नंबर त्याने बघितले नव्हते. ऐकले होते. उजव्या कानात. फोन ज्या कानाला धरायचा, त्या.

हात टेबलावर होते ते तसेच राहिले.

कागदामागे काच. काचेमागे तीन मजले खोल रस्ता.

रस्त्यावर दिवा आहे तिथे. त्या उजेडाने कागदाच्या पाठीवर छापील चित्रं उमटली होती. उलटी, फिकट. पंख दिसत होता. चाक दिसत होतं. कडेकडेने सगळं दिसत होतं.

मधोमध दिसत नव्हतं.

तिथे अंधार होता. एवढा. माणसाच्या डोक्याएवढा. कुणीतरी वाचायला काचेशी वाकल्यावर उजेड अडतो ना... तेवढा.

तो हलला नाही.

तो अंधारही हलला नाही.

भिंतीपलीकडे वहिनी कागद चुरगाळत होती, तो आवाज येत होता. बाकी काही नाही.

आता इथे मला एक सांगायला हवं. त्याच्या जागी मी असतो तर खुर्ची टाकून पळालो असतो, आणि तुम्ही सगळे तर माझ्या आधी जिन्यात असता. तो पळाला नाही. त्याला भीती वाटली नाही असं नव्हे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट मे महिन्यापासून अडकलेली होती, आणि ती भीतीहून मोठी होती.

ती गेली त्या रात्री हा बाकावर झोपला होता. मांडीवर फोन ठेवून, बसल्या बसल्या. कितीतरी रात्रींचं जागरण, डोळा लागला. जाग आली ती आत धावपळ चालू झाल्यावर. तोवर सगळं झालेलं. आणि घरी आल्यावर वहिनीने विचारलं, शेवटी बोलली का काही? तर हा म्हणाला, "हो. आम्ही बोलत होतो. बोलता बोलता झोपली." खोटं. बायकोला बरं वाटावं म्हणून खोटं. त्या दिवसापासून त्याला एकच प्रश्न खात होता. तिने मला हाक मारली असेल का? फोन उचलून बाबा, बाबा केलं असेल, आणि मी घोरत असेन?

एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही म्हणून राहिलेलं. आणि आता...

तो म्हणाला, "बाळा."

अंधार तिथेच.

"मला हाक मारली होतीस का?"

...

"त्या रात्री. मारली होतीस?"

...

मग उजव्या कानात, अगदी हळू, दमल्यासारखं...

"त्र्याण्णव."

बस. एवढंच. दुसरा शब्द नाही. विचारलं त्याचं उत्तर नाही. नंबर.

तो रडायला लागला. रडत रडतच त्याने चौकटीवर शोधलं. त्र्याण्णव म्हणजे शेवटचा तुकडा. शेपटीच्या टोकाची काच. त्या विमानात सगळी माणसं पुढे तोंड करून बसतात. एकच माणूस पार मागे, शेपटीत, काचेच्या डब्यात एकटा, पाठ सगळ्यांकडे करून. पुढे कुठे चाललोय ते त्याला दिसतच नाही. मागे राहिलेलं तेवढं दिसतं. पोरगी होती तोवर ते इथवर पोचलेच नव्हते. हा माणूस बसलेला तिने कधी बघितलाच नव्हता.

"सापडला, साहेब," तो म्हणाला.

काच उचलली. नुसती अडकवायची होती, ठरलं होतं तसं. पण अडकेना. दोनदा पडली. आणि त्याने काय केलं... झटपट गोंद घेतला. जे करू नको म्हणून पहिल्या दिवशी शिकवतात, तेच त्याने केलं. काठाला लावला आणि काच दाबून धरली. चिकटली. बघता बघता आतून वाफ चढायला लागली. कडेकडेने पांढरं, मग मधे, मग सगळीकडे. आतला तो माणूस आधी धूसर झाला, मग दिसेनासा झाला.

तेव्हा तो ओरडला. वहिनी धावत आली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा त्या खोलीच्या आत आली.

तो वर बघतो तर कागदावर चित्रं सगळी नीट उमटलेली. कडेची आणि मधलीही. रस्त्यावरचा उजेड सरळ येत होता.

"गेली," तो म्हणाला. "काच घालवली मी. तिची शेवटची काच." आणि मग सगळंच बाहेर आलं. "मी झोपलो होतो गं. त्या रात्री. मी बोलत नव्हतो तिच्याशी. मी झोपलो होतो."

वहिनी खाली बसली. जमिनीवरच. म्हणाली, "माहितेय मला."

"काय?"

"तिसऱ्या दिवशीच कळलं. तिचे कपडे आणायला गेले तेव्हा रात्रपाळीची सिस्टर भेटली." वहिनी बोलत होती तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हती, असं तो म्हणाला. "पहाटे जागी होती ती. उशीला टेकून बसली होती, काचेकडे तोंड करून. तू मान टाकून झोपलेला. सिस्टर म्हणाली, बाबांना उठवू का? तर हिने ओठावर बोट ठेवलं. म्हणाली, झोपू दे त्याला. किती दिवसांनी झोपलाय. आणि बघत बसली. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे जाऊन आली तरी बघतच होती. मग झोपली."

तो खुर्चीवरून उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"हे तू मला सहा महिने सांगितलं नाहीस?"

"तू मला खोटं सांगितलंस," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, खरं सांगेल त्या दिवशी सांगेन. रोज वाट बघत होते. आज सांगशील, उद्या सांगशील. मग मला तुझं तोंड बघवेना."

आता तुम्ही लहान आहात, तुम्हाला वाटेल केवढी ही बाई दुष्ट. दुष्ट नव्हती. पोर गेलेल्या दोन माणसांना एकमेकांशी काय बोलावं हे कोण शिकवणार? मीही रोज भेटत होतो त्यांना. मी काय बोललो? पाऊसपाणी, टेम्पोचे टायर. आपल्याला दुसरं येतच नाही.

रात्रभर दोघं त्या खोलीत जमिनीवर बसली होती. बोलत होती, म्हणाला. काय ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळी मी टेम्पो घेऊन गेलो. इथून पुढचं परत माझ्या डोळ्यांचं.

दोघांचे डोळे सुजलेले. पण घरात काहीतरी हलकं झालेलं होतं. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, चहा घेऊनच चढवा सामान." किती महिन्यांनी तिने मला भाऊजी म्हटलं. सामान चढलं. विमान कुठल्याच खोक्यात घालायला ती तयार होईना. मांडीवर घेऊन पुढे बसली, आमच्या दोघांच्या मधे. विमानाचं नाक समोरच्या काचेकडे, शेपूट तिच्याकडे.

मी बघितलं, शेपटीची काच दुधासारखी पांढरी झालेली. आतलं काही म्हणता काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "अरेरे. पुसून जाईल का रे?" तो म्हणाला, "आतून बसलंय. आता ते फोडल्याशिवाय निघायचं नाही. राहू दे." बोलला ते अगदी साधेपणाने बोलला. रात्रीची हकीकत त्याने मला तेव्हाच, गाडीतच सांगितली. मी पुढे बघून गाडी चालवत होतो. एकदोनदा गिअर चुकला माझा, लपवत नाही.

मधे एका ठिकाणी डिझेल घ्यायला थांबलो. मी खाली उतरलो. पैसे देऊन वळतो तर वहिनीने गाडीच्या समोरच्या काचेवर टकटक केलं. मी दार उघडलं. दोघंही त्या विमानाकडे बघत होते.

"बघ," तो म्हणाला.

शेपटीच्या पांढऱ्या काचेत एक जागा स्वच्छ झाली होती. मोहरीच्या दाण्याएवढी. गोल.

मी म्हटलं, उन्हाने झालं असेल. गाडीच्या धक्क्याने झालं असेल. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्याने खिशातून भिंग काढलं, दुकान गेलं तरी भिंग सुटलं नव्हतं. पेन्सिल काढली. तिचं टोक बरोबर त्या जागेवर बाहेरून टेकवलं आणि मला म्हणाला, "आता डोकं हलवून बघ. खूण बाहेरच्या अंगाला असेल तर टोकाला चिकटून राहील. आतल्या अंगाला असेल तर सरकेल."

मी भिंगातून बघितलं. डोकं डावीकडे नेलं. उजवीकडे नेलं.

सरकली.

कडेला बारीक रेघा होत्या, पुसल्याच्या. त्याही आतून. काच चारी बाजूंनी चिकटलेली. मी नखाने ओढून बघितलं, केसभर फट नाही. मग मी त्या स्वच्छ जागेतून आत बघितलं. तो शेपटीतला माणूस दिसला. दोन्ही हात बंदुकीवर. ते हात त्याला हलवता येत नाहीत, साच्यातच तसे ओतलेले असतात, बंदुकीला जोडून.

स्वच्छ जागा बरोबर त्याच्या तोंडासमोर होती. आणि त्याच्यासमोर, विमानाच्या मागच्या बाजूला, ती दोघं बसलेली होती.